पान्यांची सुट्टी आणि आमची जीप

कोलकात्यात डमडमच्या आमच्या घराला गॅरेज होतं आणि मी शाळेत असल्यापासून त्यात एक जीप उभी होती. लष्कराने मोडीत काढलेली, चारही टायर बसलेली, रंगाचे पापुद्रे सुटलेली. बाबा बंदरात इंजिनियर होते. बंदराजवळच्या खिदिरपूरहून ती ट्रकवर घालून त्यांनी घरी आणली आणि जाहीर केलं, की रिटायर झालो की हिला चालती करून स्वतः चालवणार. रिटायर झाल्यावर त्यांना पत्त्यांतल्या ब्रिजचा नाद लागला. मग मोतीबिंदू झाला, मग आई गेली. जीपवर आधी रद्दी साचली, त्यावर आकाशकंदिलांचे सांगाडे आणि सगळ्यात वर माझ्या विद्यार्थिनींच्या फिजिक्सच्या वह्या.

घर बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा बाबांनी कागद शांतपणे वाचले आणि चष्मा काढून ठेवला. "जीप स्वतःच्या चाकांवर बाहेर जाईल," ते म्हणाले. "क्रेनला टांगून नेलीत, तर मी इथून हलणार नाही." चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस हलणार नाही म्हणाला, की बिल्डरचंही काही चालत नाही. आम्हाला एक वर्ष मिळालं.

बाबांच्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री खिदिरपूरला जुन्या गाड्या दुरुस्त करतो. पुढे जीप त्याच्याच शेडमध्ये राहणार होती. तो दर रविवारी यायला तयार झाला, पण त्याची कंबर धरलेली होती, त्यामुळे तो फक्त सांगणार आणि हात दिदीने, म्हणजे मी, चालवायचे. मी वीस वर्षं घर्षणाचे नियम शिकवत होते, पण गंजलेला बोल्ट पहिल्यांदा त्या वर्षी भेटला. बाबा खुर्ची टाकून बसत आणि आम्हा दोघांच्याही चुका काढत. मिस्त्री बंगालीत रागवायचा, बाबा मराठीत, आणि मी गाडीखाली असल्यामुळे मला दोघांचंही ऐकू आलं नाही असं दाखवता यायचं. खरं सांगते, इतके मजेचे रविवार मला लग्न होऊन सासरी गेल्यावर आणि तिथून परत आल्यावरही कधी मिळाले नव्हते.

पावसाळा संपत आला तेव्हा ब्रेक लागत होते, दिवे लागत होते आणि इंजिन सुरू होऊन खोकून बंद पडत होतं. मिस्त्री म्हणाला, ठिणगीचं टायमिंग जुळवायचं राहिलंय, दोन मिनिटांचं काम आहे, निघायच्या दिवशी करू. बिल्डरची माणसं पुढच्या आठवड्यात येणार होती आणि आधी गॅरेजच पाडणार होती.

निघायचा दिवस बाबांनी ठरवला. आमच्या स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर असतं, दर वर्षी मावशी पुण्याहून पाठवते. त्यात बघून त्यांनी चांगला दिवस काढला, तो नेमका पाडापाडीच्या आदल्या दिवशीचा निघाला. मी मिस्त्रीला फोन केला. दिवस ऐकून तो एवढा खूष झाला, की मला नवलच वाटलं. तो म्हणाला, नक्की येतो, तुम्ही मानता हे बघून बरं वाटलं. दोन दिवस आधी येऊन त्याने गॅरेजमधले सगळे पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर रॉकेलने धुतले आणि पेटीत भरून घेऊन गेला. आमचीही हत्यारं त्यात होती. किती नीटनेटका माणूस, असं बाबा कौतुकाने म्हणाले.

ठरल्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी ढाक, म्हणजे इथला पूजेचा ढोल, वाजायला लागला. आकाश पतंगांनी भरलेलं होतं. तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मिस्त्री आला तो कडक इस्त्रीचा सदरा घालून, हातात संदेश मिठाईचा डबा आणि लाल फुलांचा हार. पेटी नव्हती. मी विचारलं, पाने कुठे आहेत? तो माझ्याकडे बघतच राहिला. पाने पूजेला बसले होते, खिदिरपूरला, मूर्तीपुढे. त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. अख्ख्या कोलकात्यात त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावत नाही, आणि आम्ही त्याला पूजेलाच बोलावलंय असं तो समजला होता.

इथे जन्मले, इथेच वाढले, दर वर्षी या पूजेचे पतंग बघते. पण आमच्या घरात हत्यारांची पूजा दसऱ्याला होते, झेंडूची फुलं वाहून, आणि दसरा अजून लांब होता. मुहूर्त आम्ही पुण्याच्या कॅलेंडरवरून काढला होता. मला स्वतःचा इतका राग आला, की संदेशचा डबा मी जवळजवळ हिसकावूनच घेतला.

शेजाऱ्याकडून पाना आणू का, असं मी विचारलं. मिस्त्रीने कानाला हात लावले. त्याला दुखवून काम करायचं माझ्याही जिवावर आलं. उद्या सकाळी क्रेन येणार, हे आम्हाला तिघांनाही समजत होतं.

मग मिस्त्री हळूच म्हणाला, डिस्ट्रिब्यूटरचा नट मी घट्ट केलेला नाही, डिस्ट्रिब्यूटर हाताने फिरवला की टायमिंग जुळेल. आणि बोलणं म्हणजे काही काम नव्हे. त्याने हात पाठीमागे बांधले, बॉनेटपासून चार पावलं दूर उभा राहिला आणि डोळे मिटले. बाबांनी बाहेरूनच वाकून डॅशबोर्डवरचं स्टार्टरचं बटण दाबलं. मी डिस्ट्रिब्यूटरचा काळा डबा दोन्ही हातांनी धरला. इंजिन खोकलं. "आर एकटू, दिदी," तो म्हणाला. आणखी थोडंसं. मी फिरवलं. धाडकन आवाज झाला आणि मी हात मागे घेतला. तो जागचा न हलता म्हणाला, जास्त झालं, केसभर मागे. पंधरा-वीस वेळा असं झालं. बटण दाबून दाबून बाबांचा अंगठा पांढरा पडला होता. मग एकदम खोकला थांबला आणि इंजिन एका सुरात चालू लागलं. मिस्त्रीने डोळे उघडले. मी नट चिमटीने जमेल तितका आवळला. तो म्हणाला, सावकाश गेलात तर खिदिरपूरपर्यंत टिकेल. मग त्याने बॉनेटला हार घातला आणि मागच्या सीटवर चढून बसला.

बाबा काठी टेकत जीपच्या उजव्या बाजूला गेले आणि दांडीला धरून चढू लागले. मला वाटलं, गडबडीत विसरले. ही जीप परदेशात बनलेली, हिचं स्टिअरिंग डावीकडे.

"बाबा, चालवायची जागा इकडे आहे," मी म्हणाले.

"मला ठाऊक आहे." ते बसले, काठी दोन पायांत उभी केली. "क्लच आता माझ्या पायाला झेपत नाही. दोन वर्षं झाली."

म्हणजे घर द्यायचं ठरायच्याही आधीपासून. मी वर्षभर गाडीखाली पडून होते ते त्यांना ती चालवताना बघायचं म्हणून, आणि त्यांनी हे मला एका रविवारी सांगितलं असतं तर मी कदाचित दुसऱ्या रविवारी पाना खाली ठेवला असता. त्यांना ते माहीत होतं. मला राग आला. मी वळसा घालून डावीकडे चढले, क्लच दाबला आणि बाबांना त्यांच्या घरातून बाहेर नेलं.