सौदीची कंबर

रेणापूरच्या दौलतमामांच्या शिलाईच्या दुकानात आखाती देशातून परतलेला माणूस शिरला, की मामा आधी गळ्यातली टेप काढून त्याच्या कमरेला लावत. खुशाली नंतर. जाताना त्याने पँट मामांकडूनच शिवलेली असे, त्यामुळे जुनं माप वहीत असायचं. मामा जुना आकडा बघत, नवा बघत आणि म्हणत, "तीन इंच पाठिवलेस की रं घरी!"

दुष्काळात खडी फोडून हात घट्ट झालेली गावची माणसं पुढे गवंडीकामाला आधी कुवेतला आणि मग सौदीला गेली. त्यांचे ड्राफ्ट माझ्या खिडकीवर येत. मी गावातल्या एकमेव बँकेत कारकून होतो. एकदा मी मामांना मोठ्या ऐटीत सांगितलं, की पूर्वी कुवेतहून जास्त पैसा यायचा, आता सौदीने त्याला मागे टाकलंय.

मामा काजं करत होते. मान वर न करता म्हणाले, "ठावं हाय. कुवेतवाले आधी लई उतरून यायचे. आता पोट सुटून येतेत. तिथंच खाऊन राहिले तर पाठवतील काय? आता सौदीवाले उतरून राहिलेत. सायेब, तुमी आलेलं मोजता, म्या गेलेलं मोजतो."

बँकेची नोकरी न करता त्यांना हे माझ्याआधी कळलं होतं, याचा मला जरा रागच आला.

मामांचा एकुलता एक मुलगा अशोकही सौदीत होता. त्याच्या पैशांवर इकडे घर उभं राहत होतं. लातूर जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्यांतल्या बाबूंच्या सफारी शिवून मामांना उसंत नव्हती, आणि अशोकचे ड्राफ्ट दर खेपेला वाढत होते. मॅनेजरसाहेबांनी मामांना केबिनमध्ये बोलावून चहा मागवला आणि शाखेतला सर्वांत मोठा ड्राफ्ट तुमचाच, म्हणून अभिनंदन केलं. मामांनी चहाला हात लावला नाही. बाहेर येऊन मला म्हणाले, "एक पत्र लिवा सायेब. म्हणावं, पैसे कमी पाठव."

असं पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं. उत्तरादाखल आणखी मोठा ड्राफ्ट आला. मग मामांनी कमरेचं माप विचारलं. ‘बत्तीस, गेलो तेव्हा होती तेवढीच,’ असं अशोकने कळवलं. मामांचा विश्वास बसेना. त्यांनी बत्तीसची पँट शिवली, सौदीला निघालेल्या एकाजवळ दिली आणि ती घालून फोटो काढून पाठवायला सांगितलं. फोटो आला. पट्ट्याखाली पँटीला परकरासारख्या चुण्या पडल्या होत्या. मामांनी त्या मोजल्या. फोटोत अशोक हसत होता, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा आपलं खातं बंद करायला आले. मॅनेजरसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो मामा, भिंती उभ्या राहिल्यात! स्लॅब कशानं टाकणार?"

"पत्रे टाकू."

"बरं, कारण काय लिहायचं?"

"लिवा, पोरगं संपून राहिलंय."

मी फॉर्मवर ‘वैयक्तिक कारण’ एवढंच लिहिलं. त्याची मला अजून लाज वाटते. ते ड्राफ्ट मीच तर इतकी वर्षं खुशीत वटवत होतो.

पुढचा ड्राफ्ट मामांनी रजिस्टर पोस्टाने परत धाडला. दोन महिन्यांत अशोक आला, तो भांडतच. "बाबा, लोक पैशासाठी पोरांना तिकडं धाडून राहिले, अन् तुमी आलेला पैसा माघारी लावता!"

मामांनी टेप लावली. सत्तावीस. टेप काढायचं मामांना बराच वेळ सुचलं नाही.

त्यानंतर तीन महिने अशोक गावात लुंगीवर हिंडला. मामा त्याला पँट शिवून देईनात. आता शिवली तर कापड वाया जाईल, म्हणत. शेवटी लातूरपलीकडच्या मुरुडला मुलगी बघायला जायचं ठरलं, तेव्हा मीही रदबदली केली. म्हटलं, "मामा, आता तरी शिवा. लुंगीवर कुणी मुलगी बघायला जातं का?"

मामांनी पुन्हा टेप लावली, आकडा नीट पाहिला आणि टेप गळ्यात टाकली.

"न्हाई. अजून दोन इंच यायचे हायेत. पोरगी थांबंल."