शालूची गोफण

माझ्या सासूबाई धडधाकट असल्या की मला नावं ठेवतात. भाजीत मीठ जास्त, अंगणाचे कोपरे झाडायचे राहिले, पदर खांद्यावर नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी एक दिवस सुट्टी घेतली नाही. त्यामुळे पावसाळ्याच्या शेवटी टायफॉइडमधून उठल्यावर त्या गप्प राहायला लागल्या, तेव्हा मी घाबरले. दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. मी एकदा मुद्दाम भाजी आळणी केली, तरी चकार शब्द नाही.

"बाजारच्या जवारीले चव नाई," एवढंच एकदा म्हणाल्या. मी तेच धरून बसले. शिरपूर जैनजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे, आम्ही राहतोही तिथंच. वांग्यांच्या शेजारी मी ज्वारीचा एक तुकडा पेरून घेतला.

"पाखराइले पेरून राह्यली काय?" नवरा म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. आजूबाजूला सगळा हरभरा आणि तूर. ज्वारी काय ती आमचीच. कणसांत दाणा भरला आणि पंचक्रोशीतले पोपट जेवायला आले. डबा वाजवला की बांधावरच्या कडुलिंबावर जाऊन बसायचे, मी वळले की परत. बुजगावण्याला नवऱ्याचा शर्ट घातला, तर एक पोपट त्याच्या खांद्यावर बसून कणीस सोलू लागला. शर्टाला घरात जेवढा मान होता तेवढाच शेतात मिळाला.

मग मला गोफण आठवली. केनवडला माहेरी माझे वडील गोफण मारायचे. दोन दोऱ्या, मधे दगड ठेवायची खोळ. एका दोरीचा फास बोटात, दुसरीचं टोक चिमटीत. गरगर फिरवायची आणि टोक सोडून द्यायचं. लहानपणी मी ते रोज पाहिलं होतं. नुसतं पाहून स्वयंपाक येत नाही, असं मी लेकीला सारखं सांगते. स्वतःला सांगायचं तेवढं राहिलं.

आमच्या काळ्या मातीत दगड शोधून सापडत नाही. म्हणून चिखलाचे गोळे वळले आणि सासूबाईंच्या बाजेसमोर उन्हात वाळत घातले. पहिल्यासारख्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "कोनाच्या डोहाळजेवनाचे लाडू व हे?" पण त्यांनी नुसतं पाहिलं आणि कूस बदलली. मला रडूच आलं.

पहिली गोफण टोमॅटो बांधायच्या नायलॉनच्या दोरीची. खोळ म्हणून नवऱ्याच्या जुन्या जीन्सचा खिसा लावला. आता खिसा म्हणजे वस्तू आत राहावी म्हणूनच शिवलेला. मी जोरात फिरवून टोक सोडलं, गोळा खिशातच बसून राहिला आणि सगळं फिरून माझ्याच पाठीत बसलं. मग खिसा उसवून सपाट तुकडा लावला. या वेळी गोळा सुटला, पण मागे गेला, मोटारीच्या खोलीच्या टिनांवर. आत नवरा लवंडला होता. डोक्यावर घमेलं धरून बाहेर आला.

"गारा पडल्या काय व?"

"नाई. पाखरं हाकलून राह्यली मी."

"पाखरं तिकडं हायेत!"

नायलॉन हातातून सटकतं, असा मी निष्कर्ष काढला. कापडाची वेणी घालावी, पण जुनी लुगडी विरलेली. पेटीत लग्नातला पोपटी शालू होता, सासूबाईंनी हौसेनं निवडलेला. तो रंग मला कधीच आवडला नव्हता, पण म्हणून काही मी कात्री घेतली नाही. काठ मजबूत होते म्हणून घेतली. लेकीच्या घालते तशा घट्ट वेण्या घातल्या, टोकांना जरीचे गोंडे सोडले. अशी देखणी गोफण वाशिम जिल्ह्यात कुणी पाहिली नसेल.

मी ती गरगर फिरवली आणि सोडली. गोळा गेला. बोटातला रेशमी फास निसटला आणि गोफणही गेली. थेट कडुलिंबाच्या शेंड्याला जाऊन लटकली. बांबू पुरेना, नवरा चढेना. मी बांधावर बसून भोकाड पसरलं. शालू गेला, ज्वारीही जाणार, आणि सासूबाई आता कशानं जेवतील?

संध्याकाळी वारा सुटला. वेण्या झुलू लागल्या, गोंडे उन्हात लखलखू लागले. पोपट आले, झाडाभोवती एक चक्कर मारली आणि ओरडत हरभऱ्याकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. चिमण्यांनी कडेची कणसं खाल्ली, बाकी ज्वारी वाचली.

ती घरीच बडवली, गिरणीतून दळून आणली. सासूबाईंसमोर भाकरी आणि वांग्याचं भरीत ठेवलं आणि मी शेजारी उभी राहिले. त्यांनी तुकडा मोडला, सावकाश चावला.

"पीठ जाडं दळून आनलं."

दुसरा तुकडा मोडला.

"कडंले कच्ची हाये."

तिसरा मोडला आणि कडुलिंबाकडे बोट केलं.

"अन् माह्या पसंतीचा शालू तुले पाखरं हाकलाले सापडला काय व? इतके दिवस पाहून राह्यली मी. आंधळी समजली काय मले?"

"आई, अजून एक टाकू काय?"

"टाक. अन् आता तरी नीट भाज."

मी घाईघाईनं चुलीकडे गेले. माझे डोळे पाहिले असते, तर त्यावरही बोलल्या असत्या.