यशवंतमामांचा मान आणि माझा लॅपटॉप

माझी अक्कल किती मिनिटं टिकते, हे आमच्या अख्ख्या दुबलगुंडी गावाला माहीत आहे. कसं माहीत झालं ते सांगते. हसा, पण चहा सांडू नका.

अक्काच्या लग्नात टॉवेल-टोपीच्या मानाची यादी अप्पा करत होते. कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, यावर चार दिवस खल. मी बिदरला कॉलेजात. मैत्रिणीच्या भावानं टाकून दिलेला लॅपटॉप माझ्याकडे. वजन पिठाच्या डब्याएवढं, पण माझी ऐट केवढी!

"अप्पा, ह्यात टाकते. एबीसीडीप्रमाणं नावं लागतील. भांडण न्हाई, रुसवा न्हाई."

"पर कागूद असू दे की."

"कामून? कोणत्या जमान्यात राहायलाव तुम्ही?" असं म्हणत कागद मी चुलीत घातला.

लग्नाच्या दिवशी भर दुपारी वीज गेली. भोंगा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. मांडीवर लॅपटॉप घेऊन मी नावं पुकारायला बसले. पहिला मान अंबादासला. हा सोयऱ्याचा सोयरा, तोच दचकला. एसपर्यंत आले आणि पडदा काळा. चार्जिंग अर्धाच तास टिकतं, हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

आणि यशवंतमामा? इंग्रजीत वाय. पहिला मान खरं तर नवरीच्या मामाचा, आणि मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय अक्षता कशा पडणार? मामा जीपमध्ये जाऊन बसले.

"मामा, तुमचं नाव हाय ह्यात."

"दाखव."

काय दाखवू? काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसत होतं.

"बरं, कितवं हाय?"

खोटं बोलता येईना. "शेवटचं."

मामांनी जीपचं दार लावून घेतलं.

मुहूर्त जवळ आला तसे अप्पा भोंग्यावर आले. हातात काही नाही. यशवंतमामांचं नाव पहिलं, तेही तीनदा. तिसऱ्यांदा मामा उतरले. मग बाकीची सगळी नावं, तोंडपाठ, मानाच्या क्रमानं. अंबादासनं गुपचूप टोपी परत केली आणि शेवटी नाव आल्यावर पुन्हा घेतली.

"आता एकच मान राहिला," अप्पा म्हणाले, "धाकटीच्या मशिनचा. लई दमलंय बिचारं."

अक्काच्या अल्बममध्ये तो फोटो आहे. टोपी घातलेला लॅपटॉप आणि त्याला दोन्ही हातांनी धरून, जमिनीकडे बघत उभी मी.

माझ्या लग्नाची यादीही अप्पांनी सांगितली. चार दिवस. मी वहीत लिहून घेतली, खाली कार्बन ठेवून.