खिडकीजवळचा खळगा

चंद्रपुरात खिडकी म्हटलं की बाहेरचा माणूस वर पाहतो. परवा तेच झालं. परकोटाचे मोठे दरवाजे, त्यांवरचा दगडी हत्ती, सिंह, सगळ्यांचे फोटो काढत परकोट पाहायला निघालेल्यांची आमची वरात सकाळपासून चालली होती. माहिती सांगणाऱ्या मुलीला मी विचारलं, "आमच्या खिडकीकडे कधी नेशील व?" तर एक पुण्याचे पाहुणे बुरुजाकडे मान वर करून म्हणाले, "कुठे आहे खिडकी?"

"वर काऊन पाहता भाऊ? आमच्या इथी खिडकीतून म्हशी जातात!"

परकोटातल्या लहान दरवाजाला आम्ही खिडकी म्हणतो, हे मग सांगावं लागलं.

खरं सांगायचं तर दरवाजे मी लहानपणापासून पाहिलेले. मी आले होते बाईसाठी. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. कंबरेचं हाड मोडल्यापासून मूल गावी लेकाकडे खाटेवर आहे. आमच्या खिडकीच्या पायरीवर एक खळगा होता. त्यात आम्ही दोघी चिंचोके घासायचो, एक बाजू पांढरी झाली की खेळायचे फासे तयार. बाई फोनवर म्हणाली होती, "परकोटाची दुरुस्ती झाली म्हणतेत. आपला खळगा असंन तं फोटो पाठव. बुजवला असंन तं मले फोनच करू नको."

"आजी, ती खिडकी आपल्या फेरीत नाही," मुलगी म्हणाली.

"फेरीत नाई, पण गावात तं आहे न?" मी पुढे निघालेच. बाकीचे हसत मागे आले.

खिडकीशी पोचले. नवे दगड, मध्ये ताजा चुना. खाली पाहायची हिंमत होईना. पाहिलं तर पायरी जुनीच! पण खळग्यात शेंदूर, वर झेंडूचं फूल.

शेजारच्या घरातली मालकीण ओरडली, "चप्पल काढा व! देवीचं पाऊल आहे ते."

"कधीपासून?"

"लय जुनं. दुरुस्तीवाले बुजवाले आले होते. आम्ही हात लावू नाई देल्ला."

मी चप्पल काढली, फोटो काढला आणि तिथूनच बाईला फोन लावला. नुसती रिंग ऐकूनच तिला कळलं असणार. सगळं सांगितलं तर अशी हसली की सून धावत आली.

"अव माय! आपल्या चिंचोक्यायची देवी झाली? पाया पडली का नाई?"

"तुह्या वाटचंही पडली."

"देवीपुढं चिंचोका ठेवला?"

"आता चिंचोका कुठून आणू व बाई?"

फोन स्पीकरवर लावलेला, सगळ्यांनी ऐकलं. पुण्याचे पाहुणे कॅमेरा पाठीवर टाकून, खिडकीबाहेरच्या चिंचेच्या झाडाखाली वाकून चिंचोका शोधायलाही लागले होते.