सुनंदाचा शंख आणि मी, तिची मोजपट्टी

आमच्या पनवेलचे डोंगर सगळे लाव्ह्याचे, त्यात जीवाश्म सापडणं मुश्कील. आणि माझी बायको सुनंदा प्राध्यापक कशाची, तर खडकांच्या थरांची आणि जीवाश्मांची! दरवर्षी ती विद्यार्थ्यांना कच्छला न्यायची. ती मुलं सांभाळणार आणि आख्खा अमोनाइट, म्हणजे समुद्रातला वेटोळा शंख दगड झालेला, सापडणार कुणातरी पोराला. निवृत्त झाल्या झाल्या म्हणाली, "अहो, चला. आता मला माझा हवाय. स्वतः शोधलेला."

पनवेलहून गांधीधामला थेट गाडी आहे, पण रोज नसते, आधी बघून घ्या. पुढे भुजपर्यंत बस. जा ते थंडीतच. भुजला मी दाबेलीवर ताव मारला, सुनंदाला मात्र आनंदानं घास उतरत नव्हता. सकाळी झुरा गावाकडच्या डोंगरांसाठी दिवसभराची गाडी ठरवली. भाडं आधीच बोलून घ्या. शेवटचा रस्ता हाडं खिळखिळी करतो.

दुपारपर्यंत नुसते तुकडेच मिळाले. सुनंदाचा चेहरा उतरत चालला.

"बेन, दुकान से ले लो ना," ड्रायव्हर म्हणाला. सुनंदानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप गाडीत जाऊन बसला.

"निदान या थराचा फोटो तरी घेऊ," ती म्हणाली. फोटोत मापासाठी भूगर्भवाले हातोडी ठेवतात, सुनंदा मला ठेवते. माप नसलं की ती विद्यार्थ्यांचे दोन मार्क कापायची. मी सवयीनं ताठ उभा राहिलो.

"थोडं डावीकडे. अजून थोडं... हलू नका!"

मला वाटलं, साप! पण ती धावत आली, माझ्या बुटाशेजारी बसली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि मातीतून वेटोळं वर आलं. आख्खं! साठीची बाई चक्क उड्या मारायला लागली. मीही मारल्या, गुडघ्यांना न विचारता. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाईघाईनं फोटो काढला.

"घ्यायचा?" मी विचारलं.

"छे! तो इथलाच आहे."

आम्ही दाबेलीचा मसाला घेऊन नवीन पनवेलला परतलो. फोटो जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. त्यात फक्त शंख आणि सुनंदाचं हसू. लगेच एकानं विचारलं, "मॅडम, माप कुठंय?"

सुनंदानं उत्तर दिलं, "काप दोन मार्क!"

आज दारावर आलेल्या कोळीण मावशींनीही फोटो बघून विचारलं, "केवरा व्हता गो बाय?" सुनंदानं दोन्ही हात पसरले. मी शेजारीच उभा होतो, मला पक्कं माहितीय, बशीएवढा होता. तिच्या हातांत आता त्याचं ताट झालंय. मी जोरात मान डोलावली.