पायऱ्यांची रेघ

आमच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या सुंदर आहेत, हे मलाही नाकारता येत नाही. कलत्या उन्हात त्या काळ्या दगडावर सावल्या अशा उतरतात की बघत राहावं. बांधकाम चालू असताना आईने तिथल्या वास्तुविशारदांना विनवलं होतं, "साहेब, एका बाजूला कठडा तरी घाला." ते हसले होते. "कठड्याने पायऱ्यांची रेघ बिघडते, बाई."

पुढे आईचे गुडघे गेले. पायऱ्यांच्या कडेने उतरणारा पाण्याचा लोखंडी पाइप धरून ती चढायची. मग तेही जमेना. शेवटी घरातलेच जुने दिवाळी अंक ती पुन्हा पुन्हा वाचत बसली.

काल तेच साहेब पायऱ्या चढताना दिसले. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने तोच पाइप गच्च धरलेला. म्हाताऱ्या तळव्यांनी घासून घासून तो देवळातल्या घंटेच्या लोलकासारखा चकचकीत झालाय. अख्ख्या इमारतीत माणसाचा हात ओळखणारी तेवढीच एक वस्तू, आणि तिची रेघ साहेबांनी कधी शोभेसाठी ओढली नव्हती.

धापा टाकत ते मला म्हणाले, "इथे कठडा हवा होता हो."

"रेघ बिघडली असती, साहेब," मी म्हणाले.

माझे गुडघे अजून शाबूत आहेत. हात न देता मी त्यांच्या शेजारून सरळ वर गेले.