बोराटी लावलेलं दार

“बाई आजारी नव्हत्याच. खोटं कारण सांगतात. अर्ज फेटाळावा,” दिराचा वकील म्हणाला आणि जज्जसाहेब माझ्याकडं बघायला लागले. विहीर गेली, असंच मला वाटलं.

विहीर दोघा भावांची सामाईक. दुष्काळात आमच्या शिवारात तिलाच पाणी उरलं होतं. सासूला आणि बैलांना घेऊन आम्ही ऊसतोडीला गेल्यावर दिरानं दावा लावला आणि एकतर्फी निकाल घेऊन विहीर एकट्याची करून टाकली. साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर आम्ही गावी आलो, तेव्हा हे कळलं. तोवर निकालाविरुद्ध अर्ज करायची मुदत उलटून गेली होती. उशीर माफ व्हावा म्हणून आमच्या वकिलानं अर्ज केला आणि कारण घातलं माझं आजारपण. सगळे तेच घालतात म्हणे.

“कसला आजार होता?” साहेबांनी विचारलं.

नवऱ्यानं मान खाली घातली. मी म्हणाले, “कसलाच न्हाई साहेब. ऊस तोडत होते. आजारी पडायला सवड कुठं हाय?”

आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

“नोटीस यांच्या दारावर चिकटवली होती,” दिराचा वकील म्हणाला.

“त्या दाराला बोराटी लावलेली. घर ऊसतोडीला गेलं की आमच्याकडं दारात बोरीचे काटे लावत्यात, शेळ्या-कुत्री शिरू नयेत म्हणून. काटे दिसले की आत कुणी न्हाई, हे शेंबडं पोरगंबी सांगंल.”

साहेब दिराकडं वळले. “तुम्ही शेजारीच राहता. ते काटे पाहिले होते?”

दीर छाती काढून म्हणाला, “पाहिले म्हंजे? म्याच लावले की! ह्यांचं बांधणं लई ढिलं असतंय.”

सगळं कोर्ट हसलं. त्याच्या वकिलानं त्याची बाही ओढली, पण तोंडातून निघायचं ते निघून गेलं होतं.

साहेब हसले नाहीत. “उशीर किती झाला यापेक्षा तो का झाला, हे कोर्ट बघतं. आजारपण खोटं, ते चुकलंच. पण खरं कारण बाईंनी स्वतः सांगितलं, आणि घर बंद आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.” त्यांनी उशीर माफ केला, निकाल रद्द केला. दावा पुन्हा चालेल आणि तोवर पाणी दोघांनी घ्यायचं, असा हुकूम दिला.

बाहेर आल्यावर दीर फणफणला, “वैनी, लई तोंडाळ हाव तुमी!”

“मी कुठली, भावजी? आज तुमीच माझे वकील झालात.”

त्या उन्हाळ्यात त्या पाण्यावर मी, नवरा, सासू आणि दोन्ही बैल जगलो. दिराचं घरही जगलं.